उभा चढ सायकलवर: येऊर-खारघरच्या टेकडीपासून पाव एव्हरेस्टपर्यंत

रविवारी सकाळी ठाण्यातल्या येऊरच्या चढावर सायकल हातात धरून चालणारे लोक बघा. त्यातल्या कित्येकांचा दम संपलेला नसतो, गिअर संपलेला असतो. उरलेल्यांनी पहिल्या तीनशे मीटरमध्येच सगळी ताकद उधळलेली असते. चढाची तयारी म्हटलं की आपण पाय आणि दम यांच्या मागे लागतो आणि सायकल दुकानातून आली तशीच चढावर नेतो. हा क्रम उलटा आहे. आधी गिअरचे दात मोजायचे, मग ब्रेक बघायचे, मग रस्ता मोजायचा. पायांची पाळी त्यानंतर.

ज्यांना येऊर, नवी मुंबईतली बेलापूरची पारसिक हिल किंवा खारघर हिल पाय न टेकता चढायची आहे, त्यांनी पहिले सहा टप्पे नीट करावेत. ज्यांना ते जमतंय आणि आता एकाच टेकडीवर फेऱ्या मारत 'एव्हरेस्टिंग'ची (सगळ्या फेऱ्यांची चढाई मिळून एव्हरेस्टएवढी उंची) पहिली पायरी गाठायची आहे, त्यांनीही पहिले सहा टप्पे वगळू नयेत.

## टप्पा १: गिअरचे दात मोजा

मागच्या कॅसेटवरची (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) सर्वांत मोठी चकती आणि पुढची सर्वांत लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), दोन्हींचे दात मोजा. बहुतेक वेळा आकडा धातूवर कोरलेला असतो. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागा. उत्तर १ किंवा त्याहून कमी हवं.

का, ते आकड्यांत बघू. चालवणारा ७५ किलोचा आणि सायकल, पाणी, सामान मिळून १० किलो. चढ १० टक्के, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर दहा मीटर उंची. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर उत्तर येतं १.२१. मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवायचं तर वेग ताशी ९ किलोमीटर होतो आणि त्यासाठी सव्वादोनशे वॅटच्या आसपास ताकद लागते. शनिवार-रविवारी सायकल चालवणाऱ्या माणसाला अर्धा तास सलग साधारण दीडशे वॅट झेपतात. मग तो पेडल ६० ऐवजी ४० वेळा फिरवतो, सगळा जोर गुडघ्यांवर येतो आणि पाचव्या मिनिटाला पाय खाली येतो. तोच माणूस मागे ३४ दातांची चकती लावून आला, तर मिनिटाला ५० फेऱ्यांत, ताशी सव्वासहा किलोमीटरने, दीडशे वॅटच्या जवळपास चढून जातो. माणूस तोच, चढ तोच.

तीन चेनरिंगच्या हायब्रिडवाल्यांकडे हे आयतं असतं. पण सर्वांत लहान चेनरिंग वापरायची त्यांना का कोण जाणे लाज वाटते.

मोठी कॅसेट बसवायची असेल तर या क्रमाने जा:

१. तुमच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किती दातांपर्यंतची चकती चालते, हे मेकॅनिककडून आधी विचारून घ्या. आखूड पिंजऱ्याच्या (छोट्या चकत्यांचा खाली लोंबणारा भाग) डिरेलरला ३४ दात बहुधा पेलत नाहीत.

२. कॅसेट मोठी घेतली की चेनची लांबी पुन्हा बघावीच लागते. सायकल स्टँडवर टांगून, हाताने पेडल फिरवत, पुढे मोठी आणि मागे मोठी असा गिअर हळूहळू टाका. चेन ताठ होऊन डिरेलर पुढे ओढला जात असेल तर चेन आखूड आहे. असं जोडणं चालवताना टाळायचंच असतं, पण घाईत ते एकदा तरी पडतं, आणि त्या एकदाच हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) मोडतो.

३. डिरेलरचा आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू तपासा. सर्वांत मोठ्या चकतीवर असताना शिफ्टर आणखी दाबला तरी चेन तिच्यापलीकडे जाता कामा नये.

४. मागून बघा: डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या कॅसेटच्या बरोबर खाली, एका रेषेत आहेत का? सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर हँगर आत वाकलेला असतो.

इशारा: वाकलेला हँगर आणि सैल लिमिट स्क्रू सपाट रस्त्यावर कळत नाहीत. उभ्या चढावर, पूर्ण जोरात असताना शेवटचा गिअर टाकला की चेन थेट स्पोकमध्ये जाते.

वजनाबद्दल एकदाच सांगतो. एकूण ८५ किलोंतला एक किलो कमी केला तर वीस मिनिटांच्या चढावर जेमतेम चौदा सेकंद वाचतात. तीनशे ग्रॅम हलक्या चाकांसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याला चार सेकंद मिळतात. बऱ्याच सायकलींना मोठी कॅसेट आणि नवी चेन त्याहून फार स्वस्तात बसते.

## टप्पा २: ब्रेक, सीट, टायर

चढायचं म्हणजे उतरायचंही. ब्रेक तपासल्याशिवाय चढाला हात घालू नका.

रिम ब्रेक असतील तर पॅड काढून उजेडात धरा. रबरात ॲल्युमिनियमचे चमचमणारे कण आणि बारीक खडी रुतलेली दिसेल. ती टाचणीने एकेक उपसून काढा आणि पॅडचा पृष्ठभाग सँडपेपरने हलका घासा. हे कण तसेच राहिले तर प्रत्येक उतारावर रिम खरवडली जाते आणि ब्रेक दाबल्यावर करकर आवाज येतो. पॅडवरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर पॅड बदला. डिस्क ब्रेकवाल्यांनी चेनला तेल घालताना रोटरवर (ब्रेकची धातूची चकती) फडकं टाकावं. तेलाचा एक शिंतोडासुद्धा पॅड वाया घालवतो.

सीटची उंची: भिंतीला धरून बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलायला नको. गुडघा पुढून दुखतो अशी तक्रार करणाऱ्यांची सीट बहुतेकदा खाली असते.

टायर दगडासारखे फुगवू नका. ओलसर चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं ते त्यामुळेही. टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या बरंच खाली राहा.

तपासा: सोसायटीच्या रॅम्पवरून उतरताना आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा ब्रेक हळूहळू दाबून बघा. दोन्ही स्वतंत्रपणे सायकल थांबवत असतील तरच पुढच्या टप्प्यावर या.

## टप्पा ३: टेकडी निवडा आणि मोजा

आपल्याकडे पर्याय आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

येऊर शिकायला चांगलं. चढ मधूनमधून श्वास घेऊ देतो. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे, आणि प्रवेशाच्या वेळा वनखात्याच्या गेटवर विचारूनच जायचं. पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी इतकी की फेऱ्या मारायला मी येऊर कोणाला सुचवत नाही. चढताना त्रास नाही. उतरताना चार जण हातात हात घालून रस्त्याच्या मधोमध चालत असतात.

पारसिक हिल आखूड आणि तिखट. उभं राहून पेडल मारणं, चढावर थांबून पुन्हा सुरू करणं, या गोष्टी इथे घोटवा. खारघर हिलचा, फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ता फेऱ्यांसाठी बरा, पण पावसाळ्यात धबधब्यांच्या गर्दीमुळे तिथे बंदी येते. अंधारात एकट्याने जाऊ नका.

परीक्षा द्यायची असेल तर नेरळहून माथेरानचा घाट. दस्तुरी नाक्यापर्यंत सातशे मीटरच्या आसपास उंची आणि एकामागून एक हेअरपिन वळणं. टॅक्सीवाले तिथून रोज दहा वेळा जातात, त्यांना वाट द्या.

घोडबंदर रोडचे फ्लायओव्हर यात धरू नका. तो चढ नव्हे, आणि कंटेनरच्या शेजारी सराव करण्यात शहाणपण नाही.

आता मोजणी. मोबाइलमधला चढाचा टक्का छोट्या तुकड्यावर फसवा असतो. जीपीएसला उंची नीट कळत नाही आणि झाडीखाली तर मुळीच नाही. गवंड्याकडची एक मीटरची लेव्हल पट्टी घ्या. एक टोक चढावरच्या बाजूला रस्त्यावर टेकवा, दुसरं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखाली रस्त्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के. बारा सेंटिमीटर म्हणजे बारा टक्के. सर्वांत उभ्या तीन-चार जागी मोजा आणि गिअर त्या जागांसाठी ठरवा. सरासरी टक्का बघून गिअर ठरवणारे नेमके त्याच जागी उतरतात.

## टप्पा ४: वेळ, पाणी, खाणं

ठाण्या-नवी मुंबईत चढाचा खरा शत्रू दमट हवा आहे. सपाटीवर ताशी पंचवीसने जाताना वारा घाम वाळवतो. चढावर वेग ताशी सहा-सात, वारा जवळपास शून्य, आणि हवेत आधीच इतकी आर्द्रता की घाम नुसता गळतो. अंग थंड होत नाही. म्हणून मोठा प्रयत्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, उजाडताना सुरू करून शक्य तितक्या लवकर संपवायचा.

पावसाळ्यात सराव थांबवायची गरज नाही, पण झाडांच्या सावलीतल्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. चढताना तिथे चाक घसरतं, उतरताना माणूस.

पाणी तासाला पाऊण ते एक लिटर लागू शकतं. दोन बाटल्या न्या: एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट केलं की पोट बिघडतं. किती प्यायचं हे कळायला निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर कमी पडलं. वजन उलट वाढलं असेल तर साधं पाणी जास्त झालं. रक्तातलं मीठ त्याने उतरतं आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं आहे. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी ओआरएसबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दीड तासाहून मोठ्या राइडला दर तासाला ४० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, म्हणजे दोन केळी, किंवा एक केळं आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा. खजूर, राजगिऱ्याचा लाडू चालतो. चिक्की तोंडात सुकते, चढावर नको. मिसळ परत आल्यावर.

इशारा: येऊरला खाणं हातात उघडं धरून थांबू नका. माकडं केळ्याबरोबर पिशवीही नेतात.

## टप्पा ५: चढताना

१. पायथ्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर हलकं चालवा. लोकलमधून किंवा गाडीतून उतरून थेट चढाला भिडू नका.

२. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करा. पुढची चेनरिंग बदलायची असेल तर सपाटीवरच. जोर लागल्यावर पुढचा गिअर बदलायला गेलात की चेन पडते. नव्या लोकांची सर्वांत मोठी चूक हीच.

३. पहिली पाच मिनिटं इतकी सोपी वाटली पाहिजेत की आपण आळस करतोय असं वाटावं. मोजमाप सोपं आहे: शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतंय का? नसेल तर वेग कमी करा. कोणी ओलांडून गेला तर जाऊ द्या. बहुतेकदा तो पुढच्या वळणावर भेटतो.

४. बसूनच चढा. चढ बारा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला आणि पुढचं चाक हलकं वाटू लागलं तर सीटच्या टोकावर सरका, कोपरं वाकवा, छाती खाली आणा. हँडल मागे ओढू नका.

५. उभं राहायचं असेल तर आधी एक गिअर जड करा, मग उठा. तसं न केल्यास उठल्या क्षणी पेडल पोकळ जातं आणि तोल जातो. रस्ता ओला असेल तर उठूच नका.

६. वळणांचा हिशोब ठेवा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या हेअरपिनला आपण आतल्या बाजूला असतो आणि तिथे चढ सर्वांत उभा असतो. त्या वळणाच्या दहा मीटर आधी एक गिअर हलका करा. उजव्या वळणाला आपण बाहेरून जातो, तिथे आपोआप उसंत मिळते. ती घ्या, वेग वाढवण्यात घालवू नका.

७. नजर दहा मीटर पुढे. माथा किती लांब आहे हे बघत बसल्याने खांदे आखडतात, दुसरं काही होत नाही.

नागमोडी चालवल्याने चढ कमी होतो हे खरं आहे. पंधरा टक्क्यांचा रस्ता ४५ अंशात तिरका कापला तर साडेदहा टक्के लागतो. पण मागून रिक्षा येणाऱ्या रस्त्यावर हे करू नका. त्यापेक्षा उतरून चाला.

थांबावंच लागलं तर थांबण्यापूर्वी गिअर सर्वांत हलका करून ठेवा. पुन्हा निघताना दोन्ही बाजू मोकळ्या बघून सायकल रस्त्याला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक दाबून धरा, एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, ते जोरात दाबत ब्रेक सोडा. क्लीटचे बूट (पेडलला अडकणारे) नवे असतील तर पहिले काही चढ साध्या पेडलवर करा.

## टप्पा ६: उतरताना

लोक जायबंदी होतात ते इथे, कारण चढून आल्याच्या आनंदात लक्ष सैल होतं.

वर पोचलात की दोन मिनिटं थांबा, श्वास खाली येऊ द्या. ब्रेक वळणात नाही, वळणाआधी दाबा. सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी मोजका जोरात दाबा आणि सोडा, म्हणजे रिमला आणि पॅडला निवायला वेळ मिळतो. माथेरानच्या घाटात मध्ये एकदा थांबून ब्रेक निवू द्याच. थांबल्यावर रोटरला बोट लावून बघण्याचा मोह आवरा, भाजेल.

वळणात बाहेरचा पाय खाली, वजन त्या पेडलवर. उजवं वळण कापून पलीकडच्या बाजूला जाऊ नका. समोरून येणारा तुम्हाला दिसत नाही. पाय हलके फिरवत राहा, नाहीतर पुढच्या फेरीला ते लाकडासारखे आखडतात.

## टप्पा ७: फेऱ्या, म्हणजे पाव एव्हरेस्ट

एव्हरेस्टिंगचे नियम थोडक्यात: एकच टेकडी, त्याच रस्त्याने वर आणि खाली, एकूण चढाई ८,८४८ मीटर होईपर्यंत. एकाच राइडमध्ये. थांबा घेता येतो, झोपता येत नाही. वेळेची मर्यादा नाही. अर्ध्याचे होतात ४,४२४ मीटर, पावाचे २,२१२. माझं स्पष्ट मत: पाव नीट पार पडल्याशिवाय अर्ध्याचं नाव काढू नका.

टेकडी १५० मीटर उंचीची असेल तर पावाला १५ फेऱ्या, अर्ध्याला ३०, पूर्ण एव्हरेस्टला ५९. चढ किती टक्क्यांचा घ्यावा? ५ टक्क्यांवर पूर्ण एव्हरेस्ट म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर. १० टक्क्यांवर १७७. पण बाराच्या पुढे गेलात तर अंतर वाचतं आणि पाय संपतात. ८ ते १० टक्के, सरळ उतार, कमी वळणं, चांगलं डांबर, असा तुकडा शोधा.

वेळेचा अंदाज: ताशी ६०० मीटर चढाई हा साधारण माणसाला टिकणारा वेग. १५० मीटरला १५ मिनिटं. पंधरा फेऱ्यांचा चढ पावणेचार तास, उतार तासाभराहून थोडा जास्त, थांबे पाऊण तास. सहा तास हाताशी ठेवा.

सगळे चुकतात ते पहिल्या तीन फेऱ्यांत. पाय ताजे असतात, फेरी ११ मिनिटांत होते, बरं वाटतं. पण ११ मिनिटं म्हणजे ठरवलेल्यापेक्षा छत्तीस टक्के जास्त ताकद, आणि तिची वसुली दहाव्या फेरीला होते. पहिली फेरी १५ च्या आत संपली तर दुसरी मुद्दाम हळू करा.

सरावासाठी आठ आठवडे. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून एकदा चार फेऱ्या. मग दर आठवड्याला दोन वाढवत सहाव्या आठवड्यात बारा. सातव्यात फक्त पाच, तेही आरामात. आठव्यात पंधरा. मधल्या दिवसांत पाम बीच रोडवर किंवा कुठेही सपाटीला एक-दोन हलक्या राइड पुरे. रोज टेकडी गाठणाऱ्यांचे गुडघे चौथ्या आठवड्यात बोलू लागतात.

प्रत्यक्ष दिवशी:

१. हँडलबारला कागदी चिकटपट्टी लावा, प्रत्येक फेरीला मार्करने रेघ मारा. दहाव्या फेरीनंतर डोक्यात आकडा राहत नाही. उंचीचा हिशोब मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर नको, मोजलेली उंची गुणिले फेऱ्या असा ठेवा, आणि शंका नको म्हणून एक फेरी जास्त मारा.

२. खायचं वरच्या टोकाला. उतरेपर्यंत पोटाला चार-पाच मिनिटं मिळतात. मोठा थांबा खाली, सावलीत, दर तीन-चार फेऱ्यांनी. दहा मिनिटांच्या वर बसू नका. बसलेला माणूस उठत नाही.

३. खाली एक माणूस हवाच. पाणी भरायला, आणि तुमचा चेहरा बघायला.

४. दर पाच फेऱ्यांनी ब्रेक पॅड आणि टायर नजरेखालून घाला.

लगेच थांबा: छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, उन्हात असून अंगावर काटा किंवा थंडी वाजणं, बोलताना जीभ अडखळणं, उलटी. यातलं काहीही झालं तर त्या दिवसाची राइड संपली. सायकल तिथेच सोडा, सावलीत आडवे व्हा, अंगावर पाणी ओता, सोबतच्याला १०८ लावायला सांगा. ही यादी तुमच्यापेक्षा खाली थांबलेल्या माणसाला पाठ असायला हवी.

## टप्पा ८: परत आल्यावर

अर्ध्या तासात जेवा, मीठ असलेलं काहीतरी. वजन करा, आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळचा पाण्याचा हिशोब त्यावरून होतो. दोन दिवस चढ नको.

सायकल मात्र त्याच दिवशी बघा. चेन पुसून तेल द्या, पॅडमधले कण पुन्हा उपसा, मागच्या चाकाचे स्पोक बोटांनी दाबून कोणता सैल झालाय का ते तपासा. ब्रेकची वायर ताणली गेली असेल तर लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जाईल. ॲडजस्टर फिरवून ती घट्ट करा, आणि तरीही लिव्हर हँडलला टेकत असेल तर पुढची राइड मेकॅनिककडे.